मैदानावर कमावलेलं बंद खोलीत काढून घेऊ नका

कॉलेज फुटबॉल प्लेऑफ निवड समितीचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,



३ डिसेंबर २०२३ च्या रविवारी तुम्ही चार नावं जाहीर केलीत. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ पाचवा ठरला, म्हणजे बाहेर राहिला. त्या हंगामात हा संघ तेरा सामने खेळला होता आणि तेराही जिंकला होता. आपल्या कॉन्फरन्सचं, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या गटाचं, विजेतेपद त्यानं आदल्याच रात्री मिळवलं होतं. पाच मोठ्या कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित विजेता प्लेऑफबाहेर बसण्याची ती पहिलीच वेळ. संघ जिथे एकत्र बसून निकालाची वाट पाहत होता, ती खोली टीव्हीवर दिसली. सुन्न झालेली ती वीस-बावीस वर्षांची मुलं मी विसरू शकलेले नाही.

त्यानंतर प्लेऑफचे संघ चारावरून बारा झाले. नियमही बदलले. ज्या प्रश्नावर त्या दिवशी गाडी अडली होती तो मात्र जागच्या जागी आहे, म्हणून हे पत्र.

मी अमेरिकेत संख्याशास्त्र शिकवते आणि कॉलेज फुटबॉल मनापासून पाहते. पत्र मराठीत लिहिण्याचं कारण साधं आहे. ॲन आर्बर, कोलंबस, ऑस्टिन, कॉलेज स्टेशन इथल्या विद्यापीठांत शिकणारी कितीतरी मराठी मुलंमुली शनिवारी त्या लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियममध्ये असतात आणि पुण्या-नाशकातले त्यांचे आईवडील फोनवर विचारतात, की तिथे पहिला नंबर ठरवतात तरी कसा? तुमच्या कामाचा हिशेब त्यांनाही कळावा, अशी माझी इच्छा आहे.

आधी तुमची अडचण मान्य करते, कारण ती खरी आहे. २०२५ च्या हंगामात वरच्या श्रेणीत १३६ विद्यापीठांचे संघ होते. प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात बारा सामने. म्हणजे कुठलाही संघ उरलेल्या १३५ पैकी जेमतेम बारा जणांना भेटतो, आणि त्यातले आठ-नऊ त्याच्याच कॉन्फरन्समधले असतात. कुणाच्या वाट्याला जॉर्जिया आणि टेक्सास येतात, कुणाच्या वाट्याला दुबळे संघ. रणजी करंडकात निर्णायक विजयाला सहा गुण, पहिल्या डावाच्या आघाडीला तीन, हे हंगामाआधी छापलेलं असतं आणि गटातला प्रत्येक जण बाकी सगळ्यांशी खेळतो. तुमच्यापाशी अशी गुणतालिका नाही, होऊही शकत नाही. टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनच्या हॉटेलात तेरा माणसांनी बसून न झालेल्या सामन्यांचा अंदाज बांधायचा, हे काम सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

तुमच्या आधी ज्यांनी हे काम केलं त्यांच्याही हाती यश कमीच आलं. १९३६ पासून असोसिएटेड प्रेसचे क्रीडा पत्रकार मतं देऊन पहिला नंबर ठरवत आले, १९५० पासून प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी सुरू झाली. दोघांची मतं फुटली की देशाला दोन विजेते. १९९७ मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का दोघंही अपराजित राहिले आणि एकमेकांशी कधी भिडलेच नाहीत. मग १९९८ मध्ये बोल चॅम्पियनशिप सिरीज आली. तिनं पत्रकार, प्रशिक्षक आणि संगणक यांची सरासरी काढून फक्त दोन संघ अंतिम सामन्यात पाठवले. २००३ मध्ये पत्रकार आणि प्रशिक्षक दोघांच्याही यादीत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ त्या दोनांत नव्हता, आणि आपल्याच कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५–७ असा हरलेला ओक्लाहोमा होता. पुढच्या वर्षी ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर. हा सगळा घोळ संपावा म्हणून २०१४ मध्ये तुमची समिती आली. तेव्हा आनंद झालेल्यांत मीही होते.

घोळ संपला नाही, याचं कारण माझ्या मते एकच आहे. तुम्ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच यादीत देत आला आहात. उद्या सामना झाला तर कोण जिंकेल, हा एक प्रश्न. आजवरच्या सामन्यांतून जागा कुणी कमावली, हा दुसरा. पहिला भविष्याबद्दल आहे, दुसरा झालेल्या गोष्टींबद्दल. तुमच्या नियमावलीत सर्वोत्तम संघ निवडा असं लिहिलं आहे, आणि त्याच नियमावलीत कॉन्फरन्सचं विजेतेपद, सामन्यांची काठिण्यपातळी, आमनेसामनेचा निकाल यांना वजन द्या असंही लिहिलं आहे. शिवाय महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसेल तर तेही लक्षात घ्या, असं एक कलम आहे. ज्या वर्षी जे सोयीचं वाटेल ते कलम पुढे करता येतं. २०२३ मध्ये ते शेवटचं कलम पुढे आलं.

फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्धच्या सामन्यात मोडला. त्यानंतरच्या आठवड्यात राखीव क्वार्टरबॅक टेट रोडमेकर याला घेऊन त्या संघानं फ्लोरिडाला त्यांच्याच मैदानात २४–१५ असं हरवलं. रोडमेकर जायबंदी झाला, तेव्हा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा ब्रॉक ग्लेन उतरला. तिसऱ्या फळीतला मुलगा. चेंडू फेकून यार्ड मिळेनात, म्हणून संघानं धावण्यावर भर दिला आणि बाकीचं काम बचावफळीनं केलं. लुइव्हिलला एकही टचडाउन करू दिला नाही. १६–६. तो सामना मी पूर्ण पाहिला. देखणा नव्हता, पण अकरा जणांचा खेळ म्हणजे काय, हे त्यात पुरेपूर दिसलं. तुम्ही मात्र म्हणालात की ट्रॅव्हिसशिवाय हा संघ आधीचा संघ राहिलेला नाही. आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर हा संघ एका क्वार्टरबॅकपेक्षा कितीतरी मोठा आहे हे सगळ्यांना दिसलं असतं, अशा अर्थाचं ट्रॅव्हिसनं त्या दिवशी जाहीरपणे लिहिलं. आपल्या दुखापतीमुळे सोबत्यांची वर्षभराची मेहनत वाया गेली, हे ओझं एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर येतं, तेव्हा नियमाचंच काहीतरी चुकलेलं असतं.

आता २०१४ कडे पाहा. तुमच्या समितीचं पहिलंच वर्ष. ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर हंगामाआधीच जायबंदी झाला. दुसरा, जे. टी. बॅरेट, मिशिगनविरुद्ध घोटा मोडून बाहेर गेला. तिसरा, कार्डेल जोन्स, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि ओहायो स्टेटनं विस्कॉन्सिनला ५९–० असं धुतलं. तुम्ही त्यांना पाचव्या जागेवरून चौथ्यावर घेतलंत. तिसऱ्या क्रमांकावरचा टेक्सास ख्रिश्चन त्याच दिवशी ५५–३ असा जिंकूनही सहावा झाला. पुढे जोन्सच्या ओहायो स्टेटनं अलाबामाला ४२–३५ आणि ओरेगॉनला ४२–२० असं हरवून विजेतेपद घेतलं.

दोन्ही संघांकडे तिसऱ्या फळीतला क्वार्टरबॅक होता. दोन्ही आपापल्या कॉन्फरन्सचे विजेते होते. फ्लोरिडा स्टेट अपराजित होता, ओहायो स्टेट व्हर्जिनिया टेककडून एकदा हरलेला होता. एकाला आत आणि दुसऱ्याला बाहेर ठेवण्याइतका फरक कशात होता? फक्त त्या एका सामन्यातल्या गुणांच्या अंतरात. ५९–० डोळ्यांत भरलं, १६–६ भरलं नाही. आणि समान प्रतिस्पर्ध्यांशी तुलना करताना विजयाच्या अंतराला प्रोत्साहन देऊ नका, असं तुमचीच नियमावली सांगते.

यावर हमखास येणारं उत्तर मला ठाऊक आहे. फ्लोरिडा स्टेट पुढे प्लेऑफबाहेरच्या ऑरेंज बोल सामन्यात जॉर्जियाकडून ६३–३ असा हरला, म्हणजे समितीचंच बरोबर होतं. हा युक्तिवाद टिकत नाही. प्लेऑफ हुकल्यावर त्या संघातले बरेच मुख्य खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नाहीत. पण ते उतरले असते आणि तरी हरले असते, तरीही माझं म्हणणं बदललं नसतं. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्याला प्रवेश नाकारायचा आणि पुढे तो दुसरीकडे नापास झाला की आपलं बरोबर होतं म्हणायचं, हा न्याय कुठल्याच शाळेत चालत नाही. निवड योग्य होती की नाही हे निवडीच्या दिवशी हातात असलेल्या निकालांवरून ठरतं. हेच मी उलट दिशेनंही म्हणेन. २०२४ मध्ये तुम्ही तीन सामने हरलेल्या अलाबामाऐवजी सदर्न मेथडिस्टला घेतलंत. तो संघ कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात क्लेमसनच्या शेवटच्या ५६ यार्डांच्या किकवर ३४–३१ असा हरला होता. अलाबामाच्या तीन पराभवांपैकी दोन व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमा यांच्याविरुद्धचे, आणि त्या दोघांचाही नियमित हंगाम ६–६ असाच संपलेला. तुमचा निर्णय योग्य होता. प्लेऑफमध्ये सदर्न मेथडिस्ट पेन स्टेटकडून ३८–१० असा हरला आणि टीकाकार तुमच्यावर तुटून पडले, तरी तो योग्यच होता.

दरवर्षी वर्गात मी मुलांना संघांची नावं झाकून फक्त निकाल देते. एकीकडे तेरा विजय, शून्य पराभव, कॉन्फरन्सचं विजेतेपद. दुसरीकडे बारा विजय, घरच्या मैदानावर एक दहा गुणांचा पराभव, अधिक तगड्या कॉन्फरन्सचं विजेतेपद. वर्ग जवळपास एकमतानं पहिल्याला निवडतो. मग मी कागद उचलते आणि नावं दाखवते. दुसरं नाव अलाबामा आहे हे कळताच काही हात खाली येतात, आणि ज्यांचे हात खाली येतात ती मुलं कारणं शोधायला लागतात. हा काही शास्त्रीय प्रयोग नाही. तरी नावाचं वजन किती असतं, हे त्या पाच मिनिटांत मुलांना जेवढं कळतं तेवढं माझ्या व्याख्यानातून कळत नाही. तुमच्यासमोर मात्र नावं पहिल्या दिवसापासून उघडी असतात.

२०२५ चा हंगाम तर याच्याही पुढे गेला, आणि त्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण त्यात तुमच्या पद्धतीतला दोष एखाद्या पाठ्यपुस्तकात असावा तसा स्वच्छ दिसतो.

३१ ऑगस्टला मायामीनं नोत्र दामला २७–२४ असं हरवलं. नियमित हंगाम संपला तेव्हा दोघांचाही हिशेब १०–२. ४ नोव्हेंबरला तुमची पहिली यादी आली, तेव्हा नोत्र दाम दहावा आणि मायामी अठरावा. मंगळवारमागून मंगळवार नोत्र दाम वरच राहिला. २ डिसेंबरच्या यादीत नोत्र दाम दहावा, ब्रिघम यंग अकरावा, मायामी बारावा. त्या आठवड्याच्या अखेरीस नोत्र दाम खेळला नाही, मायामीही खेळला नाही. खेळला तो ब्रिघम यंग, आणि टेक्सास टेककडून ३४–७ असा हरला. ७ डिसेंबरला अंतिम यादी लागली. मायामी दहावा आणि आत, नोत्र दाम अकरावा आणि बाहेर. तुमचं स्पष्टीकरण असं, की ब्रिघम यंग खाली सरकल्यामुळे हे दोघं शेजारी आले, आणि शेजारी आले म्हणून ऑगस्टमधला निकाल विचारात घेता आला.

पुन्हा वाचून पाहा. मायामी आणि नोत्र दाम यांच्यातला निर्णय तिसऱ्याच संघाच्या पराभवानं फिरला. निवडीचा अभ्यास करणारे हा दोष फार पूर्वीपासून ओळखतात. दोन पर्यायांतला क्रम तिसऱ्या, असंबद्ध पर्यायामुळे उलटा होऊ नये, ही न्याय्य क्रमवारीची एक प्राथमिक अट म्हणून केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्येच मांडून ठेवली आहे. सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारी पद्धत अस्तित्वात नाही, हेही त्यांनीच सिद्ध केलं. ते मला मान्य आहे. पण तुमच्याकडे मतं नव्हे तर सामन्याचा निकाल होता. ३१ ऑगस्टची रात्र ४ नोव्हेंबरलाही तेवढीच खरी होती. आमनेसामनेच्या निकालाला महत्त्व द्यायचं असेल तर ते संघ यादीत शेजारी असोत वा आठ घरं लांब, द्यायलाच हवं. द्यायचं नसेल तर शेवटच्या दिवशीही देऊ नये.

त्याच आठवड्याच्या अखेरीस अलाबामा आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून २८–७ असा हरला आणि नवव्या जागेवरून हलला नाही. ब्रिघम यंग तसाच सामना हरून अकरावरून बारावर गेला. अंतिम सामना हरल्याची शिक्षा असावी की नसावी, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. एकाला असावी आणि दुसऱ्याला नसावी, यावर कुणालाच बोलता येणार नाही. मायामी पुढे थेट विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला आणि इंडियानाकडून २७–२१ असा हरला. त्यामुळे मायामीला घेणं बरोबर ठरलं असं अनेक जण म्हणतात. माझ्या लेखी ते ३१ ऑगस्टलाच बरोबर ठरलं होतं, आणि नोत्र दामच्या मुलांना पाच आठवडे खोटी आशा दाखवण्याची काही गरज नव्हती.

त्या मंगळवारच्या याद्यांबद्दलही बोलायला हवं. हंगाम संपण्याआधी तुम्ही आठवड्यामागून आठवडा क्रमवारी जाहीर करता, ईएसपीएनवर तासाचा कार्यक्रम होतो, आणि एकदा आकडा चिकटला की पुढच्या यादीत माणसाचं मन त्याच आकड्यापासून सुरुवात करतं. दर वेळी कोऱ्या पानावरून सुरुवात करतो, असं तुम्ही सांगता. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण मन असं कोरं होत नाही. तेरा सामन्यांचा निकाल नऊ सामन्यांनंतर लावायची घाई प्रेक्षकांसाठी रंजक असेल, निवडीसाठी ती घातक आहे. शिवाय हीच वाहिनी अलाबामा, जॉर्जिया, टेक्सास ज्या कॉन्फरन्समध्ये खेळतात तिच्या सामन्यांचे हक्क बाळगून आहे. तुमच्यावर कुणी दबाव आणतं, असा आरोप मी करत नाही. पण २०२५ च्या हंगामात प्लेऑफमध्ये एक संघ पोचला की त्याच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळत होते आणि प्रत्येक पुढच्या फेरीला आणखी. एवढा पैसा ज्या निर्णयावर अवलंबून आहे, त्यात हितसंबंधाची शंकाही उरू नये अशी रचना करणं हे तुमचंच कर्तव्य आहे.

लहान विद्यापीठांच्या बाबतीत तर ही शंका फार खोल गेली आहे. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा अपराजित होता, तुम्ही त्याला बारावा ठेवलंत. पीच बोलमध्ये त्यानं ऑबर्नला ३४–२७ असं हरवलं. त्याच ऑबर्नने त्या नोव्हेंबरमध्ये जॉर्जियाला ४०–१७ आणि अलाबामाला २६–१४ असं हरवलं होतं, आणि त्या वर्षीचा विजेतेपदाचा सामना जॉर्जिया आणि अलाबामा यांच्यातच झाला. सेंट्रल फ्लोरिडा त्यांच्यापेक्षा सरस होता, असं माझं म्हणणं नाही. तो संघ जे जे करू शकत होता ते सगळं त्यानं केलं, आणि तेवढं करूनही दार उघडणार नव्हतं, हे माझं म्हणणं आहे. स्पर्धेत भाग घेणाऱ्या प्रत्येकासमोर विजेतेपदाकडे जाणारी एखादी तरी वाट असलीच पाहिजे. बारा संघांच्या पद्धतीत पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना राखीव जागा आल्या आणि ती वाट उघडली. पुढे संघ सोळा किंवा चोवीस करण्याची चर्चा आहे. त्यात या राखीव जागा कुणी हळूच काढून घेऊ नयेत.

मग न्याय्य पद्धत कोणती? मी संख्याशास्त्राची असले तरी सगळं संगणकावर सोपवा असं सांगायला आलेले नाही. तुमच्या आधीच्या व्यवस्थेत सहा संगणकी क्रमवाऱ्या होत्या आणि त्यांपैकी फक्त एकाच कर्त्यानं, वेस्ली कॉली यांनी, आपलं सूत्र पूर्ण उघड केलं होतं. ते सूत्र शाळकरी मुलालाही कळेल असं सुरू होतं: जिंकलेल्या सामन्यांत एक मिळवा, खेळलेल्या सामन्यांत दोन मिळवा, भागाकार करा. एकही सामना न खेळलेला संघ अर्ध्यावर, दोनपैकी दोन जिंकलेला पाऊणवर. मग प्रतिस्पर्धी किती तगडे होते त्यानुसार आकडा सरकतो. २०१० मध्ये खालच्या श्रेणीतल्या एका सामन्याचा निकाल त्यात भरायचा राहिला आणि त्यामुळे लुइझियाना स्टेट दहावा, बॉइझी स्टेट अकरावा अशी चुकीची यादी लागली. सूत्र उघडं असल्यामुळे बाहेरच्या एका जाणकारानं स्वतः गणित करून चूक पकडली आणि क्रम दुरुस्त झाला. उरलेल्या पाच संगणकांत काय चुकत होतं, हे कुणाला कधी तपासताच आलं नाही. माणसाच्या निर्णयालाही हाच निकष लावा. चुका होणारच, पण बाहेरच्याला त्या पकडता आल्या पाहिजेत.

निवडीचा पाया म्हणून मी एक प्रश्न सुचवते. अमुक संघ ज्या बारा-तेरा प्रतिस्पर्ध्यांशी, ज्या मैदानांवर खेळला, तिथे एखादा सर्वसाधारण चांगला संघ, समजा पंचविसाव्या क्रमांकाच्या आसपासचा, खेळला असता तर किती सामने जिंकला असता? आणि या संघानं प्रत्यक्षात किती जिंकले? या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे त्या संघानं कमावलेलं. यात दुबळ्यांवर मिळवलेल्या दहा विजयांना फारसा भाव मिळत नाही, कारण ते कुणीही मिळवले असते. बलाढ्य संघाकडून परक्या मैदानावर झालेला पराभव फारसा जड जात नाही, पण सुमार संघाकडूनचा पराभव चांगलाच जड जातो. नुसतं अवघड वेळापत्रक घेऊन हरत राहणाऱ्यालाही फायदा नाही. आणि मुख्य म्हणजे क्वार्टरबॅकच्या घोट्याचं काय झालं, हा प्रश्न उद्भवतच नाही. २०२५ पासून तुम्ही असंच एक मोजमाप आपल्या साधनांत घेतलंत, याचं मी स्वागत करते. पण ते अनेक कागदांपैकी एक कागद म्हणून टेबलावर पडून राहणार असेल तर उपयोग नाही. त्याचं सूत्र हंगामाआधी छापा, आणि हंगाम सुरू झाल्यावर त्याला हात लावू नका.

गुणांच्या अंतराचं काय करायचं, हा प्रामाणिक मतभेदाचा मुद्दा आहे. पुढचा सामना कोण जिंकेल हे ओळखायला अंतर उपयोगी पडतं, हे कुणीही आकडेवारीतला माणूस सांगेल. पण अंतराला बक्षीस दिलं की चौथ्या क्वार्टरमध्येही हरलेल्यावर टचडाउन लादले जातात, आणि समोरही विद्यार्थीच असतात. म्हणून निवडीत अंतर नको. मानांकनात, म्हणजे आत आलेल्या बारांमध्ये कोण कुणाशी खेळणार हे ठरवताना, ते ठरावीक मर्यादेपर्यंत घ्यायला माझी हरकत नाही. सरसतेचा अंदाजही तिथे वापरा, दुखापतीही तिथेच पाहा. दार उघडायचं की नाही, हे मात्र झालेल्या निकालांनीच ठरू द्या.

कठीण सामने घेणाऱ्यांना याचा फायदाच होईल. २०२४ मध्ये अलाबामा बाहेर राहिल्यावर तिथल्या क्रीडा संचालकांनी कॉन्फरन्सबाहेरचे अवघड सामने घेण्याचा फेरविचार करावा लागेल असं जाहीरपणे म्हटलं होतं. ते बरोबर होते असं नाही, कारण त्यांना व्हँडरबिल्टनं बाहेर ठेवलं, कुठल्या बाहेरच्या बलाढ्य संघानं नव्हे. तरी त्यांची भीती समजण्यासारखी आहे. ज्याचे नियम आधी माहीत नाहीत अशा परीक्षेला माणूस धोका पत्करून बसत नाही. नियम छापलेले असतील तर मायामी–नोत्र दाम यांच्यासारखे ऑगस्टमधले सामने वाढतील, आणि ते पाहण्यासाठीच तर आम्ही सगळे या खेळापाशी येतो.

समिती असावी की नसावी, तर असावी. कॉलेजच्या आइस हॉकीत कोण आत येणार हे वर्षानुवर्षे सूत्रानंच ठरत आलं आहे आणि तिथे कुणी रडत नाही. पण फुटबॉलमध्ये सामने फार थोडे, त्यामुळे सूत्राला माणसाच्या नजरेची जोड हवी. अट एवढीच, की सूत्राच्या यादीपासून दूर जायचं असेल तर कारण लेखी द्यावं आणि त्याखाली नाव असावं. असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत मत देणाऱ्या पत्रकारांच्या मतपत्रिका उघड असतात. लोक त्यांच्यावर रागावतात, ते उत्तर देतात, आणि कामकाज सुरू राहतं. त्यांच्या मतावर आज कुणाचाही प्रवेश अवलंबून नाही. तुमच्या मतावर आहे, आणि तुमचं मतदान गुप्त आहे. आपल्या विद्यापीठाचा विषय निघाला की सदस्य खोलीबाहेर जातात, हा नियम चांगला आहे, पण आपल्या कॉन्फरन्सच्या बाकी संघांचा विषय निघाला की ते आतच असतात. तिथेही त्यांनी बाहेर जावं.

माझी विनंती थोडक्यात पण नेमकी आहे. येत्या हंगामाचा पहिला सामना सुरू होण्याआधी निवडीचं सूत्र जाहीर करा, खेळाडूंच्या अनुपलब्धतेचं कलम निवडीतून काढून फक्त मानांकनापुरतं ठेवा, मंगळवारच्या याद्या बंद करून एकच अंतिम यादी लावा, आणि त्या यादीसोबत तेराही सदस्यांची मतं प्रसिद्ध करा. यातल्या एकाही गोष्टीला नवा पैसा लागत नाही, नवा करार लागत नाही. तुमच्या पुढच्या बैठकीत ठराव मांडून मतं घेतलीत तरी पुरे.

आपली,
कॉलेज फुटबॉलची एक मराठी प्रेक्षक